रीडिंग

एकतीस वर्षं मी अमळनेरात मीटर वाचले.
जिन्याखाली, कपाटामागे, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी,
लोटन शिंप्याकडे तर थेट देवघरात,
चपला काढून, मान वाकडी करून
टॉर्चच्या उजेडात आकडे टिपायचे.
लोक विचारायचे, जास्त आलं का हो भाऊ?
मी म्हणायचो, मागच्यातून वजा करा.
महिन्याचा आकडा म्हणजे बांधलेलं गाठोडं.
ज्यानं त्यानं आपल्या घरी सोडून बघावं.
कुणी सोडत नसे.
मीही नाही.

मग नवे मीटर आले,
त्यांना वाचायला माणूस लागत नाही.
हितेंद्र सुट्टीला आला तेव्हा
माझ्या फोनात अ‍ॅप टाकून गेला.
ग्राहक क्रमांक मला तोंडपाठ,
पासवर्ड तेवढा त्यानं ठेवला:
आईचं नाव, पुढे जन्माचं साल,
तेही अंदाजे.

दिवसाचे चोवीस खांब.
सकाळी सहाचा गिझरचा,
आठचा मिक्सरचा, त्याला शेंगदाण्याच्या चटणीचा वास यावा इतका ओळखीचा.
संध्याकाळी टीव्ही, आणि देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब
जो कुठल्याच खांबात दिसत नाही
पण सगळ्यांच्या तळाशी असतो.
रात्री नुसता पंखा. बुटके, सारखे खांब,
बाजरीची पेरणी केल्यासारखे.

आणि मंगळवारी, अडीचला, एकच उंच.

मला वाटलं, गळती.
वायरी तपासल्या, फ्रिजमागे हात घातला,
शेजारच्या सुपडूकडे संशयानं पाहिलं, खोटं कशाला बोलू.
शनिवारी पुन्हा अडीचला. मग बुधवारी.
बोटांवर मोजलं. दर चौथी रात्र.
माझ्या नोकरीतली सगळी अक्कल लावूनही
उत्तर येईना,
आणि ते दारातल्या पाटीवर खडूनं लिहिलेलं होतं
तिच्या अक्षरात: पाणी, रविवार.

नळाला चौथ्या रात्री पाणी येतं
हे मला माहीत होतं.
बावीस वर्षं माहीत होतं.
सकाळी टाकी भरलेली असायची,
मी अंघोळ करून रूटवर निघायचो,
गावाला सांगायचो, वीज बघून वापरा.
टाकी आपोआप भरत नाही
हे मात्र मला कंपनीनं कळवलं,
शून्य दशांश चार युनिट.

रविवारी मी उठलो.
अंगणात ती हौदाशी उकिडवी बसलेली,
कानाला पदर, हात मोटारीच्या बटनावर,
पाइपातल्या हवेचा आवाज ऐकत होती,
जसं दूध उतू जायच्या आधी ऐकतात.
मी म्हणालो, आजपासून मी करतो.
ती म्हणाली, "तुमी झोपा.
वाल्व्ह कोठे शे ते तरी माहीत शे का?"
माहीत नव्हता.
मी दुसराच फिरवला.
सुपडूच्या ओट्यापर्यंत पाणी गेलं.

दोघांनी मिळून खराट्यानं काढलं, तीन वाजता,
न बोलता.

सकाळी अ‍ॅप उघडलं.
खांब तेवढाच, एक केस कमी नाही की जास्त.
कोण उठलं होतं, ते त्यात येत नाही.
मी फोन तिच्यापुढे धरला, म्हटलं,
हे बघ, ही तू.
चष्मा पुसून तिनं पाहिलं. बराच वेळ.
मग तिचं बोट, पिठानं पांढरं,
अडीचवरून सरकत सरकत गेलं
दुपारी एक ते पाचवर,
जिथं खांब सातपुड्यासारखे रांगेनं उभे होते.

"आनि हाऊ? हाऊ डोंगर कोना?"

मी म्हणालो, उन्हाळा आहे.
म्हणालो, कूलर जरा वेळच लावतो.
म्हणालो, बसस्टँडवर जाताना बंद करून जातो,
बहुतेक.

तिनं बोट उचललं.
स्क्रीनवर पिठाचा ठसा राहिला,
चारच्या खांबावर.